माझ्या घरी माझीच सांत्वन भेट

आधीच सांगून ठेवते, मी मेलेली न्हाई. तीर्थपुरीच्या चौकात बॅनर लागलं होतं हे खरं, त्यावर माझा फोटो होता हेही खरं, आणि वाटूरहून माझी नणंद द्वारकाबाई जीप भरून रडायला आल्ती तेही खरं. तरी मी जिती आहे. जे झालं ते बराबर सांगते, कारण गावात ह्या गोष्टीच्या सतरा तऱ्हा सांगून राह्यलेत आणि एकीतही माझी अक्कल दिसत न्हाई.

गोष्ट एवढीशी होती. आमच्या गावाहून तीर्थपुरीला सकाळची एक बस होती. बारा पोरी त्या बसनं शाळेत जायच्या. दिवाळीनंतर ती बंद पडली. का पडली ते कोणालाच ठाऊक न्हाई. डेपोवाले म्हणायचे रस्ता खराब आहे. रस्त्यावाले म्हणायचे, बसच न्हाई तर रस्ता कोणासाठी करायचा. सहा किलोमीटरची वाट, दोन्ही बाजूला ऊस. बारातल्या सात पोरी घरी बसल्या. आमची नात राजनंदिनी दहावीला. माझ्या ल्योकानं, भारतनं, तिला आठ दिवस मोटरसायकलवर सोडलं. मंग त्याची कापसाची वेचणी निघाली, आणि एक दिवस जेवताना भाकरीकडं बघत तो म्हणला, "माय, पंधरा दिवसांत बस आली न्हाई तर हिचं नाव काढून घेतो. बाहेरून परीक्षा दे म्हणावं."

मी दुसरीतून बाहेर पडले ती आजपर्यंत आत गेले न्हाई. बाहेरून म्हणजे काय असतं ते मला कोणी शिकवू नये.

राजनंदिनी ताट उचलून आत गेली आणि मोरीत तेच एक ताट लई वेळ घासत बसली. तवाच मी ठरवलं. आमदारांना गाठायचं, समोर बसवायचं आणि तोंडावर विचारायचं, भाऊसाहेब, आमची बस कुठं आहे? बस, एवढंच. ह्याला पाच मिनटं लागतात. पाणी प्यायची धरून सात.

भाऊसाहेब म्हणजे आमचे आमदार. त्यांचं कागदावरचं नाव दुसरं आहे, पण ते फक्त मतदानाच्या मशीनवर वाचायला मिळतं. माणूस म्हणून ते कोणाला दिसतच न्हाईत. पहिल्या खेपेला मी तीर्थपुरीला गेल्ते, त्यांची मिरवणूक होती तवा. काळ्या काचांच्या गाड्या, एक, दोन, सात. मधल्या गाडीच्या टपातून ते कमरेइतके वर निघालेले. मी पदर खोचून पुढं घुसले, हात वर केला, आणि "भाऊसाहेब" एवढं म्हणेस्तोवर शेजारच्या जेसीबीनं झेंडूचं अख्खं खोरं माझ्यावर उलटं केलं. केसातली फुलं झटकून डोळे उघडले तर गाडी पार पुढं. हात मात्र त्यांनी जोडलेले होते. आमच्याकडं न्हाई, वर भिरभिरत्या त्या कॅमेऱ्याच्या भिंगरीकडं.

दुसऱ्या खेपेला त्यांच्या संपर्क कार्यालयात गेले. जनता दरबार होता. मला एक्केचाळीस नंबरची चिठ्ठी मिळाली. सकाळी नवापासून दोनपर्यंत बसले. अडतिसावा नंबर आत गेला आणि त्यांचा पीए, भागवत नावाचा इस्त्रीचा शर्ट घातलेला माणूस, बाहेर येऊन म्हणला की भाऊसाहेबांना मुंबईहून फोन आला, ते मागच्या दारानं निघाले. संपर्क कार्यालयाला मागचं दार कशाला लागतं, असं मी विचारलं. तो म्हणला, "मावशी, आता सगळं ऑनलाइन आहे. भिंतीवरच्या ह्या चौकटीचा मोबाइलमधी फोटो काढा, भेट आपोआप ठरंल." मी म्हणले, "बाळा, मी माणसाला भेटायला आल्ते. भिंतीला न्हाई."

घरी आल्यावर सल्ले सुरू झाले. आमच्या गावात पाणी दोन दिवसाआड येतं, सल्ला रोज येतो. एकानं सांगितलं उपोषणाला बसा. दुसऱ्यानं सांगितलं पाण्याच्या टाकीवर चढा, टीव्हीवाले येतात. माझे गुडघे पाहता मी टाकीवर चढले असते तर उतरवायला क्रेन लागली असती, आणि क्रेन आमच्या गावाला येत न्हाई, कारण रस्ता खराब. आमचे मालक म्हणले, "जाऊ दे." लग्न झाल्यापासून प्रत्येक गोष्टीला ते हेच म्हणतात. दोन वेळा घराला आग लागता लागता राह्यली, दोन्ही वेळा हेच म्हणले.

खरी गोष्ट बोलली ती सरदारबी. आमच्या दोघींच्या घरात एकच भिंत, आणि तिला एक खिडकी, म्हणजे भिंत न्हाईच धरा. मी चुलीपुढं बसून भाऊसाहेबांचा उद्धार करून राह्यले होते, तर ती खिडकीतून म्हणली, "सगुणा, ये लोगां जिंदे आदमी के घर कू नै आते. मय्यत के घर कू आते. गिन ले."

मी मोजलं, आणि हात तसाच पिठात राह्यला. तीन वर्षांत भाऊसाहेब आमच्या गावात चार खेपेला आल्ते. चारही खेपेला कोणीतरी गेल्यावर. आणि त्यात त्यांची हुशारी बघा. मयताच्या घरी कोणी रस्ता विचारत न्हाई, पाणी विचारत न्हाई, बस विचारत न्हाई. मान खाली घालून बसायचं, दोन शब्द बोलायचे, फोटो निघतो, निघायचं. पण एक गोष्ट त्यांनाही चुकत न्हाई. सुतकाच्या घरी टेकल्याबरोबर उठता येत न्हाई. आपल्याकडं रीतच आहे, पाच मिनटं तरी बूड जमिनीला लावावं लागतं. आणि मला पाच मिनटंच पाहिजे होती.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, सरदारबीच्या पोराकडं गेले. अतिक तीर्थपुरीला कॉम्प्युटरचं दुकान चालवतो, सातबारा, फॉर्म, फोटो, सगळं करून देतो. आधी सांगून ठेवते, मी नुसतं बघायला गेल्ते. त्यानं ती भेटीची चौकट उघडली. भेटीचं कारण निवडा, असं लिहिलेलं होतं आणि खाली चार रकाने. लग्न, वाढदिवस, उद्घाटन, सांत्वन. मी म्हणले, प्रश्नाचा रकाना कुठं आहे. अतिकनं खाली सरकवलं, वर सरकवलं, पुन्हा खाली. प्रश्नाचा रकानाच न्हाई. लग्न दाबलं तर जून महिन्याची तारीख निघाली. उद्घाटन दाबलं तर फीत आणि कात्री कोण आणणार ते विचारलं. सांत्वन दाबलं आणि लगेच हिरवं झालं. मंगळवार, सकाळी अकरा.

अकरा म्हणजे आमच्या वेचणीच्या बाया चहा पितात ती वेळ. माझ्या छातीत असं धडधडलं की मला बघायला पाव्हणे आल्ते तवाही धडधडलं नव्हतं.

मंग खाली आलं, मयताचं नाव. अतिकनं दोन्ही हात वर घेतले आणि म्हणला, "मावशी, आता ह्यात मी न्हाई." सरदारबी सोबत आल्ती, ती म्हणली म्हशीचं नाव टाक. पण म्हशीसाठी भाऊसाहेब येत न्हाईत, म्हशीला मत न्हाई. आता घरात उरलं कोण? मालकांचं नाव लिहू? एका बससाठी स्वतःच्या हातानं कपाळ पुसू का मी? ल्योकाचं नाव ह्या रकान्यात लिहायच्या आधी माझा हात झडो. सून तर परक्याची लेक, तिच्या माहेरचे मला कच्ची खातील. म्हणजे फिरून फिरून मीच उरले. मी म्हणले, "लिही, सगुणाबाई." अतिकच्या कॉम्प्युटरच्या पोटात एक कागद जाणार, तो कोण बघणार आहे, असा माझा हिशोब होता. फोटो मागितला, आधार कार्डावरचा दिला. भाऊसाहेब येतील, बसतील, मी पुढं होऊन विचारीन, ते उत्तर देतील, ते गेले की मी ज्वारी पाखडायला लागीन. इतकी साधी गोष्ट.

रविवारी दुपारी भारत तीर्थपुरीहून आला. गाडी उभी न करताच उतरला, गाडी आडवी पडली, त्यानं तिच्याकडं पाह्यलं न्हाई. माझ्याकडं बघत राह्यला. मंग मोबाइल पुढं केला.

चौकात, हॉटेलाएवढं बॅनर. भावपूर्ण श्रद्धांजली. मधी मी. आधारच्या फोटोत कोणीच जितं दिसत न्हाई, पण इतकं मेलेलं मी स्वतःला कधी पाह्यलं न्हाई. वय ब्याऐंशी टाकलेलं. मी सदुसष्टची आहे. मला मांडीवर खेळवलेली बाई बॅनरवर टाकली असती तरी ब्याऐंशी भरली नसती. आणि माझा फोटो तळहाताएवढा, शेजारी हात जोडलेले भाऊसाहेब माणूसभर उंच, खाली चौदा कार्यकर्त्यांचे चेहरे, त्यातले तीन हसून राह्यलेत. मेले मी, आणि फोटो त्यांचे पंधरा.

भारत म्हणला, "माय, हे काय करून ठेवलंस?" मी सगळं सांगितलं. तो आडवी पडलेली मोटरसायकल उभी करून आला आणि ओट्यावर बसला. बॅनर काढायला लावतो म्हणला. मी म्हणले, मंगळवार बारा वाजेस्तोवर कोणी हात लावायचा न्हाई, एकदा मेलेच आहे तर बस घेऊनच उठीन.

सोमवारी सकाळी ग्रामसेवक आला. उताऱ्यासाठी मी ह्या माणसाच्या तीन महिने मागं होते, तो कधी सापडला न्हाई. आता मृत्यूच्या नोंदीचा कागद घेऊन स्वतःच्या पायानं दारात. मी अंगणात सूप घेऊन बसल्ते. "मयत कुठं आहे?" म्हणला. मी म्हणले, "मयत ज्वारी पाखडून राह्यलं. बसा." तो बसला. मंग म्हणला, बॅनर लागलं म्हणजे वरून विचारणा होईल, तुम्ही जित्या आहात असा अर्ज द्यावा लागंल. मी म्हणले, समोर बसले आहे. तो म्हणला, समोर बसून चालत न्हाई, दोन साक्षीदार लागतात. साक्षीदार म्हणून सरदारबी उभी राह्यली, दुसरे मालक. मालकांना विचारलं, बाई जिती आहे का? मालकांनी जरा विचार केला. तेवढा विचार त्यांनी का केला ते मी अजून विसरलेले न्हाई.

त्याच दुपारी वाटूरहून जीप आली. मी आतल्या खोलीत होते. दारातूनच द्वारकाबाईचा आवाज आला. आता ही माझी नणंद. चाळीस वर्षांत माझ्या हातच्या एका घासाला तिनं बरं म्हणलं न्हाई. आणि ओसरीवर बसून तिनं गळा काढला, की माझी वहिनी गाय होती, तिच्या हातची पुरणाची पोळी कधी फुटली न्हाई, तिनं माझं बाळंतपण आईसारखं केलं, तिच्यासारखी बाई ह्या जिल्ह्यात झाली न्हाई. मी दाराच्या फटीला कान लावला. खरं सांगते, मला लगेच बाहेर जायला पाहिजे होतं. पण चाळीस वर्षांची उधारी एका दमात फिटून राह्यली होती, मधी कोण थांबवंल? पोळीचं झालं, बाळंतपणाचं झालं, मंग तिनं माझ्या रंगाला गोरा म्हणलं. तिथं मला राहवलं न्हाई. दार उघडून म्हणले, "द्वारकाबाई, गोरं जरा जास्त होऊन राह्यलं."

तिच्यासोबतच्या सात बाया किंचाळून अंगणात गेल्या. द्वारकाबाई जागची हलली न्हाई. माझ्याकडं खालून वरपर्यंत बघून, डोळे पुसून म्हणली, "पोळीचं मी परत घेते." तरी ती गेली न्हाई. सगळं समजल्यावर पदर खोचून म्हणली, उद्या मी थांबते, रडायला कोणी धड पाहिजे, तुझ्या सुनेला ते जमणार न्हाई.

मंगळवार उजाडला. गावाला सगळं ठाऊक होतं आणि गाव गप्प होतं. आमचं गाव कधी गप्प बसत न्हाई, पण घरी बसलेल्या सात पोरींच्या आया त्या दिवशी पांढऱ्या-करड्या साड्या नेसून ओसरीवर आल्या, तवा मला पहिल्यांदा जरा भ्या वाटलं. एवढ्या जणी माझ्या मरणावर भरवसा टाकून बसल्या होत्या. मालकांना खांबाला टेकवून बसवलं. येणारा प्रत्येकजण त्यांच्या खांद्यावर हात ठेवायचा, ते मान हलवायचे. त्यांना काही खोटं बोलावंच लागलं न्हाई. खोटं बोलायला तोंड उघडावं लागतं, आणि आमच्या घरात ते मी उघडते.

सव्वाअकराला धुरळा दिसला. सात गाड्या. मी सरदारबीसोबत आतल्या खोलीत. पीए भागवत पुढं आला, चपला कुठं काढायच्या ते बघून गेला, मोबाइल काठीवर लावलेला एक माणूस कोपऱ्यात उभा राह्यला. मंग भाऊसाहेब. मी फटीतून पाह्यलं. बॅनरवर माणूसभर असतात, खरे बुटके आहेत. बिलकुल आपल्यासारखे. घामही आल्ता.

ते बसले, मालकांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि मोबाइलकडं तोंड करून बोलायला लागले. म्हणले, "सगुणाआई मला माझ्या आईसारख्या होत्या. मी त्यांना लई जवळून ओळखत होतो. मागच्याच महिन्यात भेटल्या, डोक्यावर हात ठेवला, म्हणल्या, भाऊ, जिल्ह्याचं भलं कर." सरदारबीनं माझं तोंड दाबून धरलं नसतं तर मी तिथंच जिती झाले असते. मागच्या महिन्यात माझ्या डोक्यावर ह्यांचा झेंडू पडला, तेवढीच आमची भेट.

मंग त्यांनी आवाज खाली आणला आणि विचारलं, "माउलीची शेवटची इच्छा काही होती का?" हे ते प्रत्येक घरी विचारतात म्हणे. लोक म्हणतात, काही न्हाई साहेब, तुम्ही आलात तेच लई झालं. द्वारकाबाई तोंड उघडणार, तेवढ्यात राजनंदिनी उठली. तिला आम्ही काही सांगून ठेवलं न्हाई. तिचा आवाज एकदम सरळ.

ती म्हणली, "बस. सकाळची तीर्थपुरीची बस. आम्ही बारा पोरी होतो, आता पाच जातो, परवापासून चार जातील. आज्जीला ती बस पाहिजे होती. दुसरं काही न्हाई."

भाऊसाहेबांनी भागवतकडं पाह्यलं, भागवतनं मोबाइलकडं. तो चालूच होता. चार हजार माणसं बघून राह्यली होती, असं अतिकनं नंतर सांगितलं. भाऊसाहेबांनी डोळ्याला रुमाल लावला आणि म्हणले, "येत्या सोमवारी बस दारात उभी राहील. माउलीची शेवटची इच्छा आहे, हा माझा शब्द आहे."

आता अक्कल असलेली बाई तिथं गप्प बसली असती. शब्द मिळाला होता. पण मी काय एवढी मेहनत करून मेले ते फटीतून बघायला? मला विचारायचं होतं, आणि तोंडावर विचारायचं होतं. पाण्याचा तांब्या घेतला आणि बाहेर आले.

भाऊसाहेब अर्धे उठले. मोबाइलवाल्यानं काठी भिंतीकडं फिरवली आणि घाईघाईनं मोबाइलच बंद केला. मी म्हणले, "बसा, भाऊसाहेब. लई जवळून ओळखत होतात ना? मंग दचकलात कशाला?"

ते बसले. दुसरं करणार काय, दारात त्या सात आया उभ्या होत्या. त्यांनी तांब्याकडं पाह्यलं, माझ्याकडं पाह्यलं, पुन्हा तांब्याकडं पाह्यलं. मेलेल्या माणसाबद्दल बोलायचं त्यांना तोंडपाठ होतं. जित्या माणसाशी बोलायची सवय गेली होती. मी पाणी दिलं, ते प्याले, आणि मी विचारलं, आमची बस कुठं आहे?

ते म्हणले, "मला ठाऊकच न्हाई, आई. बंद आहे हेच ठाऊक न्हाई." मला राग यायला पाहिजे होता, पण त्या पूर्ण दिवसात त्यांच्या तोंडून निघालेलं ते पहिलं खरं होतं, म्हणून मी पुन्हा तांब्या पुढं केला. मंग त्यांनी कोण पोरगी कुठून चालते ते विचारलं, बाया सांगत गेल्या, आणि भागवत घड्याळ दाखवत राह्यला, तरी पाचाची पंचवीस मिनटं झाली.

जाताना भागवतनं मला बाजूला घेतलं. म्हणला, मावशी, तुम्ही जित्या निघालात म्हणजे ती शेवटची इच्छा राह्यली न्हाई, डेपोला पत्र कशाच्या आधारावर द्यायचं? मी म्हणले, शेवटची नसंल तर पहिली धरा. तो म्हणला तसा रकाना न्हाई. वर विरोधकांना कळलं तर भाऊसाहेबांचं जिल्हाभर हसं होईल. त्यानं हात जोडले, आणि कॅमेरा न्हाई तरी जोडले. बस सुरू होऊ द्या, म्हणला, पत्र निघंस्तोवर फक्त मेलेल्या राहा.

मी मानी बाई आहे. गावात माझ्या नावानं विहीर ओळखतात. पण राजनंदिनी उंबऱ्यात उभी राहून दप्तराचा बंद घट्ट करून राह्यली होती, सोमवार अजून सहा दिवस लांब होता तरी. मी भागवतला हो म्हणले.

सोमवारी बस आली. खरंच आली. भाऊसाहेब आले न्हाईत, त्यांनी मोबाइलवरून हात हलवला आणि भागवतनं नारळ फोडला. बसच्या कपाळावर बॅनर, कैलासवासी सगुणाबाई यांच्या अंतिम इच्छेनुसार. पुन्हा तोच फोटो, त्यावर हार. डेपोच्या कागदावर तसंच लिहिलेलं आहे, आता ते खोडलं तर मंजुरी पुन्हा पहिल्यापासून. अकरा पोरी चढल्या. बाराव्या पोरीचं लग्न ठरलं आहे. तिच्या बापाकडं मी उद्या जाणार आहे, त्याला भेटायला ऑनलाइन काही करावं लागत न्हाई.

पहिल्या दिवशी पोरींसोबत मीही बसले. म्हणले, बघू तर खरं आपल्या मरणानं काय मिळवलं. कंडक्टर नवी पोरगी होती, अंबडकडची. तिकीट फाडता फाडता तिनं पुढच्या काचेतून बॅनरची उलटी सावली पाह्यली, मंग माझ्याकडं पाह्यलं, आणि हलक्या आवाजात विचारलं, "त्या तुमच्या कोण लागत होत्या, आजी?"

अकराही पोरी माझ्याकडं वळल्या.

"थोरली बहीण," मी म्हणले. "लई गुणाची बाई होती. तोंडाची जरा फटकळ होती असं लोक म्हणतात, पण ते काही खरं न्हाई. तू घंटी मार बाई, पोरींना उशीर होऊन राह्यला."